तांबं शून्य निघालेली लगड, आणि खाणीतून बंदुकीकडे जाणारा पैसा

टंचवाला
रविवार, रात्री १०:२०

मंडळी, कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आमचं टंच काढायचं, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासायचं दुकान आहे. आजोबा कसोटीवर घासून कस सांगायचे, वडिलांनी मूस आणि तेजाब सांभाळलं, माझ्या वाट्याला एक्सआरएफ मशीन आलं, क्ष-किरण टाकून कुठला धातू किती ते सांगणारं. आम्ही सोनं घेत नाही, विकत नाही. माल आला की किती टक्के ते छापून द्यायचं, एवढंच काम.

परवा दुपारी एक जण आला. पस्तिशीचा, बोलायला गोड, इकडचा नव्हे. खिशातून पानमसाल्याची डबी काढली, आत कापसात सोन्याच्या दोन लगडी. करंगळीएवढ्या, वरून खडबडीत, एका अंगाला काचेसारखा काळा कीट चिकटलेला. "घरची मोड आहे, गावातच आटवली," म्हणाला. मोड म्हणजे मोडीत काढलेले जुने दागिने. लोक आटवून आणतात, त्यात नवल नाही. पण रंग डोळ्यात सलला. मोडीच्या लगडीला जरा लालसर अंग असतं. ही पिवळ्यातही हिरवट.

मशीनखाली धरली. सोनं ८८ टक्के, चांदी ११ च्या वर, लोखंड चिमूटभर. तांबं शून्य. जस्त शून्य. कॅडमियम शून्य.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. आजीच्या पाटल्या असोत की ठुशी, दागिन्यात तांबं येतंच. नुसतं सोनं मऊ, घडवायला तांबं-चांदी लागते, सांधे जोडायला पूर्वी कॅडमियम असायचं, आता जस्त वगैरे. चार घरचे दागिने एकत्र आटवले तर मशीन या सगळ्यांची हजेरी घेतं. निसर्गातल्या सोन्याबरोबर मात्र मुख्यतः चांदी असते. म्हणजे हे सोनं कधी दागिना झालंच नव्हतं. ते कुठल्यातरी मातीतून, नदीतून, बिळातून थेट माझ्या काचेवर आलं होतं.

"बिल काय आहे का?" म्हटलं. हसला, माझे पैसे ठेवले, कागद घेतला आणि गेला. दहा मिनिटांनी बघतोय तर चार दुकानं सोडून एका ठिकाणी चहा पीत बसलेला.

आता मुद्दा. माझा मुलगा आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्याबद्दल वाचत होता. माली, बुर्किना फासो, नायजर. २०१२ पासून तिथं वाळवंटात सोन्याची शीर सापडत गेली आणि हजारो लोक हाताने खणायला लागले. तिथले जिहादी गट स्वतः कुदळ मारत नाहीत. खाणीच्या वाटेवर बसतात, राखण करतो म्हणून हिस्सा घेतात, जकात म्हणून कापतात. त्या हिश्श्याचं सोनं आटतं, पिशवीतून सीमा ओलांडतं आणि शेवटी कुठल्यातरी बाजारात मोड म्हणून खपतं.

मी असं म्हणत नाही की तो माणूस अतिरेकी होता. बहुधा साधा तस्करीचा माल असेल. पण रात्रभर एकच डोक्यात. मला कळलं, कागदावर छापून दिलं, आणि पुढं काही नाही. मी करायला काय हवं होतं? आणि असला पैसा अडवायचाच म्हटला तर तो नेमका कुठं अडवता येतो? जाणकारांनी लिहा.

रंकाळ्याचा_वारा
रविवार, रात्री १०:४१

भावा, रात्री झोपायच्या आधी माली नायजर वाचायचं नसतंय. एक भेळ खा रंकाळ्यावर, सगळं शांत होतंय. 😄

बाकी विषय नाद खुळा. बूच मारून बसलोय.

निवृत्त_शाखाधिकारी
रविवार, रात्री ११:१५

टंचवाले, प्रश्न योग्य विचारलात. चौतीस वर्षं बँकेत काढली, शेवटची सहा केवायसी आणि संशयास्पद व्यवहारांच्या टेबलावर. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याकडे मनी लाँडरिंगचा कायदा २००२ चा, लागू झाला १ जुलै २००५ ला. त्याखाली बँकांनी रोखीचे मोठे आणि संशयास्पद व्यवहार दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवायचे असतात. सराफ बरीच वर्षं या जाळ्याबाहेर होते. २८ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेनंतर दहा लाख किंवा त्याहून जास्त रोखीचा व्यवहार करणारे मौल्यवान धातू आणि खड्यांचे व्यापारी आत आले. आता तुमची गंमत बघा. तुम्ही खरेदी करत नाही, विक्री करत नाही, फक्त तपासता. म्हणजे माल कुठला हे ज्याला सगळ्यात आधी कळतं, त्याच्यावर कळवायचं बंधन नाही. आणि ज्याच्यावर बंधन आहे तो म्हणतो, "मला काय माहीत, माझ्याकडे मोड म्हणून आलं."

दुसरं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने २०१७ पासून बंदी आहे. त्यामुळे माणूस दोन लाखांच्या आतले तुकडे करतो. डबीत दोनच लगडी का होत्या, याचं उत्तर कदाचित इथं आहे. आम्ही याला टेबलावर "मुंग्यांची रांग" म्हणायचो. एकेक मुंगी निर्दोष.

दहशतवादाचा पैसा ओळखणं लाचेच्या किंवा करचोरीच्या पैशापेक्षा अवघड, कारण रक्कम लहान असते. करचुकव्याला कोट्यवधी लपवायचे असतात. हल्ल्याला लागणारा पैसा कधीकधी एका गृहकर्जाच्या हप्त्यांएवढा. म्हणून नुसता आकडा बघून काही सापडत नाही. धंदा आणि व्यवहार यांचा मेळ बसतो का, ते बघायचं. गावात आटवलेली मोड आणि तांबं शून्य, हा न बसलेला मेळ.

अभ्यासिका
सोमवार, सकाळी ७:०५

काका छान लिहिलंत. थोडी भर घालते, सध्या हेच वाचतेय.

एफएटीएफ ही काळ्या पैशाविरुद्धचे जागतिक नियम ठरवणारी संस्था १९८९ ला जी-७ देशांनी पॅरिसला स्थापली, तेव्हा लक्ष ड्रग्जच्या पैशावर होतं. ९/११ नंतर तिने दहशतवादाच्या पैशासाठी आधी आठ आणि २००४ मध्ये नववी खास शिफारस केली. आता सगळं मिळून ४० शिफारशी आहेत, पाचवी आणि सहावी थेट याच विषयावर. त्याच काळात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १३७३ क्रमांकाचा ठराव आला (२८ सप्टेंबर २००१). २०१९ च्या २४६२ क्रमांकाच्या ठरावात तर सोनं, मौल्यवान खडे, खनिजं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे.

भारत २०१० पासून सदस्य. आपलं मूल्यमापन सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं, "नियमित पाठपुरावा" या वरच्या गटात आलो. पण त्यात सराफ बाजाराबद्दल लिहिलंय की देशात असे सुमारे पावणेदोन लाख व्यापारी आहेत आणि रत्न-दागिने निर्यात परिषदेकडे त्यातले जेमतेम साडेनऊ हजार नोंदलेले.

रंकाळ्याचा_वारा
सोमवार, सकाळी ७:३०

ताई, मुलाखतीला जाशील तेव्हा एवढं सगळं एका दमात सांगू नकोस, पॅनेलला घाम फुटंल.

गलाईकर
सोमवार, सकाळी ९:५०

राम राम. आमचं गाव विट्याकडचं. खानापूर-आटपाडी भागात एक घर असं दाखवा जिथला माणूस गलाईला, म्हंजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्याला, बाहेर नाही. वडील केरळात, चुलते उत्तर प्रदेशात, मी पंधरा वर्षं तमिळनाडूत. आता गुडघे गेले म्हणून कोल्हापुरात मुलाकडं.

टंचवाले भाऊ, तुमी बरोबर ओळखलं. कच्चं सोनं हातात घेतलं की कळतं. आमच्याकडं तर झारेकरी सोनारांच्या दारातली माती, गटारीचा गाळ धुऊन जे कण आणायचे, त्यातसुद्धा तांबं असायचं, कारण ते कानशीचं, घडणीचं सोनं. खाणीचं कच्चं वेगळं. मुशीत टाकणखार टाकला की वर जो कीट येतो तो मोडीला निराळा न् कच्च्याला निराळा. कच्च्यात बारीक काळी रेती असती. आणि पारा लावून काढलेलं असलं तर पहिल्या आचेला धूर येतो, तो घेऊ नये, आमच्यात एक जण त्या धुरानं हातपाय थरथरत गेला.

पर एक सांगतो, रागावू नका. मुशीत एकदा दोन्ही पडलं की सोन्याचं गाव पुसलं. तुमचं दोन तोळं खाणीचं आणि माझं आठ तोळं मोडीचं एकत्र करा, मशीनला तांबं दिसंल, खाण दिसायची नाही. त्या पाव्हण्याला अक्कल नव्हती म्हणून तो तुमच्याकडं आधी आला. पुढच्या खेपेला दुसरीकडं मिसळून आणंल.

आणि कळवा म्हणताय, तर कळवायचं कुणाला? आमचा अनुभव ऐका. परगावी पोलीस एका चोराला धरतात, त्यो बोट दाखवतो, "ह्या गलाईवाल्याला विकलं." झालं. दुकानातलं सगळं सोनं जप्त, त्यात गिऱ्हाइकांचंबी. माझ्या चुलत्याला असं दोनदा झालं. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. पर असल्या पोळलेल्या माणसाला तुमी म्हणायचं की स्वतःहून चौकीची पायरी चढ?

ॲड_करवीर
सोमवार, दुपारी १:२५

गलाईकर दादांचा मुद्दा कायद्याच्या अंगानेही खरा आहे.

टंचवाले दादा, आधी तुमची झोप परत करते. यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम १७ मध्ये दहशतवादासाठी पैसा उभा करणं हा गुन्हा आहे, पैसा वैध मार्गाचा असो की अवैध. किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप. पण तिथं "माहीत असून" हा कणा आहे. कागद छापून दिल्याने तुम्ही त्यात येत नाही. विकत घेणाऱ्याला मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ बघावं लागतं. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना घेतला तरी अडचण. आणि तांबं शून्य असलेला तुमचा छापील कागद हे असं कारण ठरू शकतं. ज्या दुकानात तो चहा प्यायला, त्यांनी तुमचा कागद बघितला असेल तर "मोड समजून घेतलं" म्हणणं सोपं नाही.

कुणाला कळवायचं: परदेशी तस्करीचा वास असेल तर महसूल गुप्तचर संचालनालय, म्हणजे डीआरआय. सोन्याच्या बाबतीत कस्टम्स कायद्याचं कलम १२३ फार कडक आहे. सोनं तस्करीचं असल्याच्या वाजवी संशयाने जप्त झालं की ते तस्करीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते.

आता या सगळ्यातलं भोक. बेकायदा उत्खननाचा मूळ कायदा १९५७ चा. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद, हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड. पण तो गुन्हा मनी लाँडरिंग कायद्याच्या अनुसूचीत नाही. म्हणून खाणीचा पैसा शोधायला ईडीला फसवणूक, कट, चोरीचा माल अशा कलमांचा टेकू लागतो, आणि टेकू निघाला की खटला बसतो. खाण खाते टन मोजतं, पोलीस ट्रक धरतात, ईडी पैसा बघते. तिघांच्या फायली एका टेबलावर फार क्वचित येतात.

सड्यावरचा
सोमवार, सायंकाळी ६:१०

राधानगरीकडून. आमच्या सड्यावर बॉक्साईट निघतं, शाहूवाडी-चंदगडाकडेही. लहानपणापासून तांबड्या धुळीचे डंपर बघतोय. आणि खाली पंचगंगा-कृष्णेला वाळू. मग इथल्या चोरीच्या खनिजाच्या पैशाचं काय? तो पण याच धाग्यात धरायचा का? रात्री दोनला बोटी लागतात, सकाळी तलाठी आला की नदी एकदम सोवळी. ब्रासमागे पैसे कुणाकुणाला जातात ते शाळकरी पोर सांगेल.

रंकाळ्याचा_वारा
सोमवार, सायंकाळी ६:२२

वाळूचा पैसा कुठं जातो हे शोधायला एफएटीएफ नको. फ्लेक्स बघ, जेवणावळी बघ, दहीहंडीचं बक्षीस बघ.

ॲड_करवीर
सोमवार, सायंकाळी ६:५८

इथं एक रेघ ओढूया. वाळूचोरी म्हणजे दहशतवाद नव्हे, आणि तसं म्हणायची सवय लागली तर उद्या खाणीविरुद्ध अर्ज करणाऱ्या गावकऱ्यालाच कुणीतरी यूएपीए दाखवेल. वाळूसाठी जमीन महसूल संहितेचं कलम ४८ आहे, बाजारभावाच्या पाचपट दंड, वाहन जप्त. शिवाय २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की खाण कायद्याबरोबर चोरीचाही गुन्हा लागू शकतो. तेवढी आयुधं पुरेशी आहेत, वापरली तर.

टंचवाला
सोमवार, रात्री ९:३०

ताई, रेघ मान्य. पण सड्यावरच्या दादांच्या बोलण्यातून मला दुसरीच गोष्ट सुचली. वाळूच्या गाडीकडे निदान पावती मागता येते. किती ब्रास, कुठल्या घाटाची, किती वाजता सुटली. एकच पावती दिवसभर फिरवतात, खाडाखोड करतात, सगळं खरं. पण विचारायचं काय हे तरी ठरलेलं आहे. वाळूपेक्षा लाखो पटींनी महाग सोन्याला असं काहीच नाही. दागिन्यावर २०२३ पासून एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी ओळख क्रमांक, सक्तीचा झाला. पण तो सांगतो शुद्धता किती आणि हॉलमार्क कुठं झाला. सोनं आलं कुठून, ते नाही. दागिन्याची जन्मतारीख लिहिली, आईबापांचा रकाना कोराच.

वर्धेचा_पाहुणा
सोमवार, रात्री १०:०५

नोकरीनिमित्त चार वर्षांपासून कोल्हापुरात, मूळचा तिकडचा. तुम्ही सारे बेकायदा खाणीच्याच मागे लागले. आमच्याकडचं उलट आहे न. गडचिरोलीत, झारखंडात खाण कायदेशीर, कंत्राट कायदेशीर, रस्ता सरकारी, आणि त्याच्यावर वसुली नक्षल्यांची. तेंदूपत्ता, बांबू, रस्त्याचं काम, लोहखनिज, सगळ्यावर टक्का. दिला नाही तर काय होतं ते डिसेंबर २०१६ मध्ये सूरजागडला दिसलं. खनिज वाहणाऱ्या सत्तरहून अधिक गाड्या एका दिवसात जाळल्या. झारखंडात चतरा जिल्ह्यातल्या आम्रपाली-मगध कोळसा प्रकल्पातल्या वसुलीचा तपास २०१८ मध्ये एनआयएकडे, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. आरोप काय, तर कोळसा उचलायचा तर टनामागे पैसे, आणि त्यात नुसते बंदूकवालेच नाहीत, मधले समितीवाले, वाहतूकदार सारे.

हा पैसा ठेकेदाराच्या वहीत कसा दिसते? डिझेल, मजुरी, मुरूम टाकला. खोटी मजुरी. तेव्हा फक्त चोरटी खाण शोधत बसाल तर अर्धा पैसा पांढऱ्या कपड्यात समोरून जाईल.

निवृत्त_शाखाधिकारी
सोमवार, रात्री १०:४०

वर्धेकर, अगदी बरोबर. आमच्याकडे अशी खाती ओळखायची एक खूण होती. मजुरीचे पैसे उचलायचे, पण मजुरांच्या भविष्य निर्वाह निधीचा पत्ता नाही. दोनशे मजूर आहेत तर त्यांचा चहावाला, किराणावाला कुठंतरी दिसायला हवा. नसेल तर मजूर कागदावरच राबतात.

देरा_दुबई
मंगळवार, पहाटे १२:५०

शाहूपुरीचा आहे, बारा वर्षं दुबईच्या देरा भागात हिशेब लिहितोय. नाव काढणार नाही कुणाचं.

इथल्या गोल्ड सूकमध्ये, म्हणजे सोनेबाजारात, मी आफ्रिकेतून हातसामानात आलेलं सोनं डोळ्यांनी बघितलंय. बिस्किटं नव्हेत, टंचवाल्यांनी लिहिल्यात तशाच वेड्यावाकड्या लगडी, टॉवेलात गुंडाळलेल्या. २०१६ साली यूएईने आफ्रिकेतून ४४६ टन सोनं आल्याची नोंद केली. गंमत अशी की त्यातल्या बऱ्याच देशांच्या निर्यातीच्या वहीत एवढं सोनं नव्हतंच. निघताना नाही आणि पोहोचल्यावर आहे. मधल्या विमानात सोनं पिकलं असं समजायचं.

मार्च २०२२ मध्ये एफएटीएफने यूएईला करड्या यादीत, म्हणजे जास्त नजर ठेवायच्या देशांत टाकलं आणि इथं खरंच धावपळ झाली. ५५,००० दिरहम किंवा जास्त रोख आली की कळवा, पुरवठादाराचा कागद ठेवा, रिफायनरीचं ऑडिट. २०२३ पासून सोनं कुठून घेतलं याच्या तपासाचे नियम आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये यादीतून नाव निघालं. पूर्वी माझ्या टेबलावर पुरवठादाराच्या फायलीत एक व्हिजिटिंग कार्ड असायचं, आता बोटभर जाड फाईल असते. फाईलमधलं सगळं खरं असतंच असं नाही म्हणत. पण खोटं लिहिणाऱ्याला आता सही करावी लागते.

शिरोली_शिफ्ट
मंगळवार, सकाळी ८:१५

फाईलवरून आठवलं. मी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आम्ही कास्टिंग मशीनिंग करून युरोप-अमेरिकेला पाठवतो. दरवर्षी गिऱ्हाइकाकडून एक भलीमोठी एक्सेल येते. तुमच्या मालात टिन, टँटलम, टंगस्टन, सोनं आहे का? असेल तर कुठल्या भट्टीतलं? अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यातून आलेलं हे, काँगोतल्या सशस्त्र टोळ्यांना खनिजाचा पैसा मिळू नये म्हणून. युरोपचा असाच कायदा १ जानेवारी २०२१ पासून.

पहिल्या वर्षी मी घाबरून स्टोअरमध्ये गेलो. लेथच्या टिपा टंगस्टन कार्बाइडच्या, त्या लिहू का? नंतर कळलं की मालात राहतं तेच धरायचं, कापायचं अवजार नाही. साहेब म्हणाले, "सगळीकडे नो लिही आणि पाठव." तसंच पाठवलं. तीन वर्षं तेच कॉपी-पेस्ट. मग एकदा गिऱ्हाइकाने एका पार्टचं नाव घेऊन विचारलं, ह्याच्यावर टिनचं कोटिंग आहे, मग नो कसं? तेव्हा पळापळ. कोटिंगवाल्याकडे, त्याच्या डीलरकडे, डीलरच्या मुंबईच्या पार्टीकडे. दीड महिना लागला, पण भट्टीचं नाव मिळालं.

त्यात एक शहाणपणा आहे बरं का. गिऱ्हाईक खाणीचं नाव विचारतच नाही, भट्टीचं विचारतं. खाणी हजारो, घरं लाखो, पण धातू वितळवणाऱ्या मोठ्या भट्ट्या जगात मोजक्या. लगाम तिथं.

गलाईकर
मंगळवार, सकाळी ९:०२

म्हंजे शेवटी आमच्याच मुशीवर आलं सगळं. 🙂

सड्यावरचा
मंगळवार, सकाळी ११:४०

शिरोलीकर, ते काँगोचं पूर्ण सांगा की. कायदा आल्यावर बड्या कंपन्यांनी काँगोचं खनिजच घ्यायचं सोडलं, तिथल्या सरकारने पूर्वेकडे हातखाणी सहा महिने बंद ठेवल्या, आणि कुदळवाला उपाशी मेला. टोळ्या कुठं उपाशी राहिल्या? बुर्किनातही तेच. सरकारने राखीव जंगलात खणायला बंदी घातली, बंदूकवाले आले आणि म्हणाले, खणा, आम्ही बघतो. लोक कुणाला दुवा देणार? आमच्या इथंही गौण खनिजाचा नियम आला की पहिला मार बैलगाडीतून मुरूम नेणाऱ्याला. डंपरला नाही.

अभ्यासिका
मंगळवार, दुपारी १२:१०

हे पटलं. पण दादा, बंदूकवाल्यांच्या राखणीत तो कुदळवाला तरी सुरक्षित कुठं होता? जून २०२१ मध्ये बुर्किना फासोतल्या सोल्हान गावावर, तिथल्या सोन्याच्या खाणीवर हल्ला झाला. सरकारी आकडा १३२ मृत.

घाटवाट
मंगळवार, दुपारी ३:३५

आतापर्यंत वाचत होतो. मी कोकणातून येऊन इथं स्थायिक झालेला, वय झालंय. दूरच्या आफ्रिकेची गरज नाही, आपल्याच किनाऱ्याची गोष्ट सांगतो.

ऐंशीच्या दशकात आमच्या किनाऱ्यावर चांदी-सोनं उतरायचं हे उघड गुपित होतं. होडी लागली, माल उतरला, ट्रक घाटाला लागला. लोक त्याला पाप मानत नसत. कर चुकवतायत, कुणाचा जीव तर घेत नाहीत, असं आमचे मोठे म्हणत. उतरवणारे ठरलेले, वाटेत हात ओले करायचे दरही ठरलेले. मग १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला माल उतरला. तीच वाट, तेच दर. आत आरडीएक्स आणि बंदुका. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. पुढे शिक्षा झालेल्यांत कस्टम्सचे अधिकारीही होते.

टंचवाले, तुमच्या डबीत काय होतं ते सोडा. ती डबी इथपर्यंत कुठल्या वाटेने आली, आणि त्या वाटेवर कुणीकुणी विचारायचं टाळलं, ते मला भीतीचं वाटतं.

शंखजिरं
मंगळवार, सायंकाळी ७:२०

सगळे सोन्यातच अडकलेत. घरात बाळाला लावतो ती पावडर बघा. टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरं. अफगाणिस्तानात नांगरहार प्रांतात अचीन म्हणून भाग आहे, तिथल्या टाल्कच्या खाणींवर इस्लामिक स्टेटने कब्जा केला होता, तालिबानशी मारामारीही खाणींवरूनच. दगड ट्रकने पाकिस्तानात, दळून बाहेर, आणि पुढं युरोप-अमेरिकेत रंग, कागद, प्लास्टिक, पावडर. बदख्शानच्या लाजवर्दाची तीच कथा. अंगठीतला निळा खडा घेताना ज्योतिषी शनी सांगतो, खाण कुणी सांगत नाही.

प्रशासक
मंगळवार, रात्री ८:००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. एका समाजाकडे बोट दाखवणारे प्रतिसाद इथं राहणार नाहीत. विषय पैसा आणि खाणी हा आहे. पुढे चालू द्या.

निवृत्त_शाखाधिकारी
मंगळवार, रात्री ९:१०

टंचवाल्यांचा मूळ प्रश्न राहू नये म्हणून माझं मत. खाणीवर पैसा अडवता येत नाही, तिथं सरकारच पोहोचत नाही. बंदुकीपाशी फार उशीर झालेला असतो. मधल्या दोन जागा उरतात: वितळवणारा आणि पहिला मोठा खरेदीदार. कच्च्या सोन्याची अधिकृत आयात आपल्याकडे परवानाधारक रिफायनऱ्यांनाच आहे, जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात बिस्किटाचं शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं, कच्च्याचं ५.३५ वर. शुल्क उतरलं की तस्करीतला नफा उतरतो, आणि नुसत्या नफ्यासाठी आणणारा गळतो. मग जो उरतो त्याच्याकडे लक्ष द्यायला यंत्रणेला वेळ मिळतो. पाळत ठेवण्याइतकंच हे शुल्काचं गणित मला महत्त्वाचं वाटतं.

आणि टंच केंद्रांना कळवायची सोय हवी, सक्ती नव्हे. सक्ती केली की गलाईकर म्हणतात ते होतं, सगळे मिसळूनच आणतात आणि सगळे आंधळे होतात.

ॲड_करवीर
मंगळवार, रात्री ९:३२

काका, सोय हवी हे मान्य. पण कळवणाऱ्याचं नाव बाहेर जाणार नाही याची लेखी हमी नसेल, तर त्या सोयीला कुणी हात लावणार नाही.

टंचवाला
शनिवार, रात्री ११:०५

उशीर झाला, सीझन आहे.

परवा दुकानं बंद झाल्यावर आमच्या गल्लीतले टंचवाले आणि दोन-तीन आटणीवाले एकत्र बसलो. गलाईकर काकांनाही बोलावलं होतं, काठी टेकत आले, आल्या आल्या माझ्या मशीनकडे बघून म्हणाले, "हे बरं, धूर नाही." मी एवढंच मांडलं: तांबं शून्य आलं की त्या कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवायची, आणणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, आणि कागदावर "दागिन्याची मोड वाटत नाही" अशी ओळ छापायची. पोलीस नाही, दिल्ली नाही. एक ओळ.

तासभर वाद. एक जण म्हणाला, गिऱ्हाईक तुटेल. दुसरा म्हणाला, तोळा लाखाच्या वर गेलाय, आता कुणाला ओळी वाचायला वेळ आहे. ज्यांच्याकडे तो माणूस चहा प्यायला होता ते शेवटपर्यंत गप्प बसले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी घेतलं नव्हतं. ते पुढं गेलं." कुठं, ते सांगितलं नाही.

अकरा जणांत तिघे तयार झालो. बाकीचे म्हणाले, दिवाळीनंतर बघू. ती ओळ छापायची तर मशीनवाल्या कंपनीला सांगून सॉफ्टवेअरमध्ये रकाना टाकावा लागतो. तोवर रबरी शिक्का करून घेतलाय, पापाच्या तिकटीजवळ, शंभर रुपयांत.